ताटातलं शेवटचं शीत

उस्मानपुऱ्यात आमच्या बिल्डिंगच्या मागं दोन गल्ल्या सोडून एका घराच्या खालच्या मजल्यावर पाच टेबलांचं हॉटेल आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘नोई थाई घरगुती जेवण’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘ऑर्डरप्रमाणे पुरणपोळी मिळेल’. थाई जेवण नोईचं, पुरणपोळी तिच्या सासूची. नोईचा नवरा अभय पडेगावचा. बारा वर्षं पट्टायाच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. परत येताना बायको, बायकोची आई आणि बायकोच्या आईचा खलबत्ता एवढं घेऊन आलो, असं तो सगळ्यांना सांगतो. त्यातला खलबत्ता सगळ्यात जड होता म्हणे.

नोई मराठी शिकली ती सासूकडून, त्यामुळं अस्सल पडेगावची बोलते. गोरीपान, नाजूक डोळ्यांची बाई काउंटरवरून “ताई, बसा की वाईच, भात लावलाय,” म्हणते तेव्हा नवीन गिऱ्हाईक दोन पावलं मागं जाऊन पाटी पुन्हा वाचतं.

पण त्या हॉटेलची खरी मालकीण नोईची आई. थाईत आईच्या आईला याय म्हणतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना याय म्हणते. पंच्याहत्तरीच्या, चार फूट आठ इंच, हातात कायम लांब दांड्याची पळी. मराठी एक शब्द येत नाही आणि त्यांचं कुठं अडलेलंही नाही.

याय काय चीज आहे हे मला विशू पोटात असताना कळलं. मला पाचवा महिना होता आणि आंबट खायची वासना सुटलेली. एकटीच जाऊन बसले. यायनं भात आणि हिरवं कालवण वाढलं, मी ताट चाटूनपुसून साफ केलं. आपल्यात तसंच करतात, वाढणाऱ्याला बरं वाटतं. मी हात धुवायला उठणार तोच पळी आली. पुन्हा भात, पुन्हा कालवण. बाईनं प्रेमानं वाढलंय, टाकायचं कसं, म्हणून तेही संपवलं. पळी आली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा नोई काउंटरवरून धावत आली.

“अहो ताई, ठेवा ना थोडं ताटात!”

“का?”

“तुम्ही समदं संपवता, तर माझी आई म्हणती हिचं पोट भरलं नाय, बिचारी पोटुशी उपाशी चालली. आमच्यात दोन घास ठेवायचे. म्हणजे पोट भरलं. ताट साफ केलं की आणखी पायजे.”

तर हे असं. वरून वाढलेलं बिलात येत नाही. अभय आतून कुरकुरतो, पण सासूच्या पळीला हात लावायची त्याची छाती नाही.

ही गोष्ट मी तीन वर्षं नुसती गंमत म्हणून मनात ठेवली होती. ती इतकी उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

वाळूजच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या पार्टांची तपासणी करायचे. केसाच्या जाडीचा फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. विशू झाला आणि मी घरी बसले. अडीच वर्षांनी कंपनीतून फोन आला: जागा रिकामी आहे, येत्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी मुलगी बघतो. विशूची बालवाडी जूनमध्ये. मधले सात महिने त्याला सांभाळायला कोण? माझी आई नाही. उरल्या एकच, माझ्या सासूबाई, सरूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

आत्याबाई गंगापूरकडून आठ दिवसांसाठी आल्या होत्या. मी सगळे उपाय करून पाहिले. पाय दाबले, नातवाकडून ‘आजी, जाऊ नको’ वदवून घेतलं. सासऱ्यांना, म्हणजे पुंडलिकमामांना, फोन लावून विचारलं, तर ते म्हणाले, “राहू दे की तिला. कापूस मी वेचून घेतो. चहा मला जमतो आता.” त्यांच्या आवाजातला आनंद आत्याबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन कानाला घट्ट दाबला.

आत्याबाईंचं उत्तर मात्र एकच. “नाय. तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर मला करमत नाय. समोरच्या दाराला सदा कुलूप. शेजारीण लिफ्टमदी हसती आन पळती. दिसभर मी बोलू कुणाशी, भिंतीशी? मेथीच्या जुडीशी?”

शुक्रवारी रात्री विशूनं नेहमीसारखी अर्धी खिचडी ताटात ठेवली आणि तोंड फिरवलं. हे पोर ताटात ठेवतंच. कावळ्याचा घास, चिमणीचा घास, विमानाचा घास, सगळं झालं तरी शेवटी अर्धी वाटी उरतेच. ती मी उभ्यानं खाते. माझं वजन कुणाच्या कृपेनं वाढलंय ते आता कळलं असेल.

आत्याबाईंनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “ही सवय तू लावली.”

“मी?”

“मग काय मी? पन्नास वर्षं झाली, सरूबाईनं ताटात एक शीत सोडलं नाय. बहात्तरच्या दुष्काळात सात वर्षांची होते मी. खडी फोडायच्या कामावर माय लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, आणायची. तो बी घरात आठ जणांत वाटून. तवापासून शीत सोडलं नाय. लग्नात नाय, बाळंतपणात नाय. ज्या दिवशी सोडीन त्या दिवशी तू म्हणशील ते ऐकीन. इथं राहा म्हण, राहीन.”

मी विशूचं तोंड पुसत होते. माझा हात थांबला.

“खरंच राहाल?”

“सरूबाईची जबान हाय. आन नाय सोडलं तर परत मला थांब म्हणायचं नाय. रविवारी सकाळची येष्टी.”

“कबूल,” मी म्हणाले. आणि विशूच्या डोक्यावरून अशा मायेनं हात फिरवला की पोरगं माझ्याकडं संशयानं बघायला लागलं.

मग मी म्हणाले, “आत्याबाई, परवा तुम्ही जाणार. उद्या दुपारी तुम्हाला बाहेर जेवायला नेते. मागच्या गल्लीत एक घरगुती हॉटेल आहे.”

शनिवारी बारा वाजता आम्ही चौघं त्या पाच टेबलांपैकी भिंतीकडच्या टेबलाला बसलो. आत्याबाई सणाचं जांभळं लुगडं नेसून आल्या होत्या. ऋतुराजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी पैजेबद्दल सांगितलं होतं, यायच्या पळीबद्दल नाही. त्याला आईशी खोटं बोलता येत नाही. त्याचे कान लाल होतात.

“थाई म्हंजी काय असतं?” आत्याबाईंनी विचारलं.

“लेण्या बघायला भंते येतात ना, त्यांच्यातले काही तिकडचे असतात. तो देश,” ऋतुराज म्हणाला.

“मंग आपलीच माणसं की.” आत्याबाईंनी पदर खोचला आणि मान वर केली. भिंतीवर एका फळीवर पितळी बुद्धमूर्ती होती, पुढं ताज्या शेवंतीची दोन फुलं. त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. काउंटरमागून याय बघत होत्या. त्यांनीही हात जोडले. ओळख झाली.

याय खलबत्ता घेऊन बसल्या आणि कच्च्या पपईचा कीस, लसूण, मिरची, शेंगदाणे ठेचायला लागल्या. ठक, ठक, ठक. आत्याबाईंचे कान टवकारले. “ठेचा करती का काय ती?” मग यायनं एका बरणीतून चिमूटभर काहीतरी त्यात टाकलं आणि वास आमच्यापर्यंत आला. आत्याबाईंचा चेहरा असा झाला जसा माहेरचा माणूस दारात दिसल्यावर होतो.

“सुकट! नंदे, सुकट हाय ती!”

माझं नाव राजनंदिनी. आत्याबाईंचं काम नंदेवर भागतं. आणि सुकटीचा विषय आमच्या घरात नाजूक आहे. आल्या दिवशी त्यांनी गावाहून आणलेली सुकट भाजली, तर वरच्या मजल्यावरून तक्रार आली. तेव्हापासून पिशवी बाल्कनीत तीन गाठी मारून पडलेली. हॉटेल निवडताना माझ्या ध्यानीमनीही हे नव्हतं, पण श्रेय घ्यायला काय जातं? “तुमच्यासाठीच आणलं इथं,” मी म्हणाले.

पहिलं ताट आलं. वासाचा पांढरा भात, नारळाच्या दुधातलं हिरवं कोंबडीचं कालवण, पपईचा तो ठेचा. विशूसाठी छोट्या ताटलीत शेंगदाण्याचा कूट घातलेल्या नूडल्स.

आत्याबाईंनी पहिला घास घेतला. थांबल्या. “कालवणच हाय आपलं. नारळ घालून गुळमट केलंय.” ठेचा चाखला. “हां. ह्याच्यात जीव हाय.” मग मान खाली घालून जेवल्या. शेवटी बोटानं ताट निपटलं, बोटं चाटली आणि माझ्याकडं बघून हसल्या. आरसा लाजावा असं ताट.

पळी आली.

“अगं बया, नको, नको!” आत्याबाईंनी ताटावर आडवा हात धरला. याय हसल्या, हात बाजूला केला, भात वाढला. आपल्याकडंही पाहुणा नको नको म्हणतो आणि यजमान वाढतो, त्यामुळं आत्याबाईंना काही वावगं वाटलं नाही. उलट त्या खूष झाल्या. “वाढायची रीत हाय बाईला. तुमच्या शहरात वाटी भरून समोर आदळत्यात आन मोबाइल बघत्यात.”

दुसरं ताट साफ.

पळी आली.

ऋतुराजनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्याच्या लक्षात येऊ लागलं होतं. तो स्वतः नूडल्स अर्ध्या टाकून बसला होता, त्यामुळं त्याच्याकडं पळी वळत नव्हती. मी तर आधीच दोन घास ताटात ठेवून मोकळी झाले होते. “हे काय आहे?” तो पुटपुटला.

“प्रेम,” मी म्हणाले.

तिसऱ्या ताटाला आत्याबाईंनी लुगड्याची निरी जरा सैल केली. चौथ्याला त्या म्हणाल्या, “नंदे, ही बाई सगळ्यांनाच असं वाढती का?”

“म्हातारं माणूस आहे, आत्याबाई. मन मोडू नका.”

“मी कशाला मोडू? माझ्या ताटात शीत राहणार नाय, तू काळजी करू नको.” आणि त्यांनी माझ्याकडं असं रोखून बघितलं की मी घाईनं विशूच्या हनुवटीवरचा कूट टिपायला लागले.

विशूनं आतापर्यंत दोन नूडल्स खाल्ल्या होत्या, चार कानाला लावल्या होत्या आणि उरलेल्यांचा ताटलीत डोंगर केला होता. याय दर फेरीला त्याच्याजवळून जाताना गालाला हात लावायच्या आणि पुढं आमच्या टेबलाच्या एकाच कोपऱ्याकडं वळायच्या.

चौथं ताट साफ झाल्यावर आत्याबाई एकाएकी उठल्या. मला वाटलं, सुटका करून घेतात की काय. पण पळी टेबलाशी पोचायच्या आत त्या बुद्धमूर्तीपुढं जाऊन बसल्या आणि तीनदा वाकून वंदन करायला लागल्या. तीनदा वाकलं की पोटात जागा होते, हे मला नंतर सुचलं. मग डोळे मिटून त्यांनी सुरू केलं, “नमो तस्स भगवतो अरहतो...”

याय पळी घेऊन मागं उभ्या होत्या. त्यांनी पळी अभयच्या हातात दिली, शेजारी येऊन बसल्या आणि सुरात सूर मिसळला. शब्द तेच, पण यायचा सूर लांब लांब, पाळणा हलवल्यासारखा, आणि आत्याबाईंचा रविवारच्या विहारातला, ताडताड. आत्याबाई पुढं गेल्या, याय मागं राहिल्या. आत्याबाईंनी एक डोळा उघडून बघितलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच.

वंदना संपल्यावर आत्याबाई नोईला म्हणाल्या, “तुझ्या आईला सांग, चाल चुकती तिची.”

नोईनं सांगितलं. याय बराच वेळ काहीतरी बोलल्या.

“काय म्हणती?”

नोई ओठ दाबून म्हणाली, “मावशी, आई म्हणती, चुकती ती तुमची. आन लई घाई करता. बस पकडायची का म्हणती.”

“व्हय, पकडायची हाय! उद्या सकाळची!” आत्याबाई फणकारून टेबलाशी आल्या. पण चेहऱ्यावर आठ दिवसांत न दिसलेली तरतरी होती. याय मागोमाग आल्या आणि भांडण मिटवायला म्हणून दोन पळ्या जास्त वाढल्या.

पाचवं ताट.

इथून पुढं मला मजा येईनाशी झाली. आत्याबाई घास लहान लहान करायला लागल्या. कपाळावर घाम. दोन घासांमध्ये पाण्याचा घोट घेऊन डोळे मिटायच्या. एकेक शीत चिमटीत धरून उचलायच्या, जशी कापसातली काडी वेचतात तशी. सात वर्षांची पोर आणि आठ जणांत वाटलेला मिलो माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी नोकरीसाठी एका बाईचा असा नियम मोडायला निघाले होते, जो तिनं बाळंतपणात मोडला नव्हता. त्याच बाईनं माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस मला शेकशेगडी दिली होती. विशू तीन आठवड्यांचा असताना रात्रभर रडायचा, तेव्हा ‘तू झोप’ म्हणून त्याला छातीशी घेऊन बाल्कनीत उभी राहायची, पहाटेपर्यंत.

पाचवं ताट साफ झालं. पळी निघाली.

“आत्याबाई, बास,” मी म्हणाले. “थांबा. ताटात दोन घास राहू द्या.”

“का? पैज हाय.”

“पैज गेली खड्ड्यात. मी हरले. मला सगळं आधीपासून माहिती होतं. यांच्यात ताट साफ केलं की आणखी हवं, असा अर्थ असतो. थोडं ठेवलं की त्या थांबतात. मी मुद्दाम आणलं तुम्हाला इथं.” एका दमात सगळं बोलून टाकलं. “मी कंपनीला फोन करते. नाही जमत म्हणून सांगते. पण आता खाऊ नका.”

ऋतुराजचे कान लाल झाले, जणू कबुली त्यानंच दिली होती.

आत्याबाईंनी पाण्याचा घोट घेतला. पदरानं कपाळ पुसलं. “मला काय दूधखुळी समजलीस? दुसऱ्याच ताटाला कळलं होतं मला.”

“कसं?”

त्यांनी बोट केलं. विशूच्या ताटलीतल्या नूडल्सच्या डोंगराकडं. “त्याच्या ताटात ढीग पडलाय, तिकडं ही बया फिरकत नाय. रुत्या अर्धं टाकून बसलाय, त्याला कुणी विचारत नाय. मी साफ करते, की माझ्याकडं पळती. चार पोरांत वाढलेले हाय मी, नंदे. वाढणारीचा हात कुणाकडं वळतो ते मला पहिलं दिसतं.”

“मग पाच ताटं खाल्लीत कशाला?” मी जवळजवळ ओरडले.

“बघत होते, तू कवा थांबवतीस.” त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “मला वाटलं तिसऱ्याला थांबवशील. पाचव्याला थांबवलं. लई पायजे दिसती तुला ती नोकरी.”

मी नुसती मान हलवली. हो, लई पायजे.

“आन सुकट चांगली होती,” त्या म्हणाल्या.

तोवर याय येऊन पोचल्या होत्या आणि बोलता बोलता सहावं ताट वाढूनही झालं होतं, सवयीनं, थोडंसं. आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं. खोल श्वास घेतला. तेही खाल्लं. अगदी शेवटी ताटात एक शीत उरलं. त्यांनी ते उचललं, तोंडाशी नेलं. तसंच धरून ठेवलं. मग परत ताटाच्या मधोमध ठेवलं. ताटावरची नजर काढून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

“हे घे,” त्या म्हणाल्या. “सोडलं.”

ऋतुराजनं खुर्ची मागं सरकवली. “आई...”

“तू गप. तुझा काय संबंध?”

याय वाकून बघायला लागल्या. दिसेना, म्हणून गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. एक शीत. त्यांनी नोईला विचारलं. नोईनं आमच्याकडं बघितलं.

“आई म्हणती, एक शीत म्हंजी ठेवलेलं नाय, राहून गेलेलं. ठेवलेलं कसं दिसलं पायजे.”

आत्याबाईंचा आवाज चढला. “तिला सांग, माझं एक शीत म्हंजी दुसऱ्याचं पातेलं! पन्नास वर्षांत पहिलं हाय!”

नोईनं सांगितलं. यायनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. आतून अभय आला. त्याचं म्हणणं पडलं की एक शीतही चालेल, भात संपत आलाय. यायनं त्याला पळीनं बाजूला केलं. ऋतुराज म्हणाला, “नंदिनी, तुझं कामच आहे ते. माल पास की परत?” सगळे माझ्याकडं बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यापुढं असा पार्ट आला होता जो पास झाला तर माझी नोकरी आणि नापास झाला तर सातवं ताट. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या मांडीवरून एक चिकट, इवलंसं बोट पुढं आलं. विशूनं ते शीत नेमकं टिपलं, डोळ्यांपुढं धरून बघितलं आणि तोंडात टाकलं.

ज्या पोरानं अडीच वर्षांत विमानाशिवाय घास घेतला नाही, त्यानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मर्जीनं, आजीच्या ताटातलं शीत खाल्लं. मचमच केली. मग त्यानं ते रिकामं, लखलखीत ताट दोन्ही हातांनी धरून यायकडं सरकवलं.

“अजून,” तो म्हणाला.

यायला मराठी येत नाही. हा शब्द कळायला त्यांना कुणाची गरज पडली नाही. ताटात भरघोस भात पडला, वर कालवण, वर पपईचा ठेचा नाही, तेवढं त्यांना कळतं. विशूनं चार घास खाल्ले. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला तोंड फिरवलं, पण चार खाल्ले. मी मोजत होते. आत्याबाईही मोजत होत्या, ओठांतल्या ओठांत.

मला मात्र धडकी भरली होती. शीत तर गेलं. ताट साफ. पन्नास वर्षांचा नियम शाबूत. म्हणजे पैज?

“आत्याबाई, आता काय धरायचं?” मी हळूच विचारलं.

“काय धरायचं म्हंजी? मी सोडलं होतं. समद्यांनी बघितलं. पोरानं खाल्लं तो पोराचा प्रश्न.” त्यांनी निरी परत घट्ट केली, जमली नाही, तशीच सोडून दिली. “सोमवारी जा कामाला. जून लागेस्तोवर हाय मी. तुझ्या सासऱ्याला फोन कर. आन लई खूष होऊन बोलला तर मला सांग.”

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण त्यावर पाण्याचा ग्लास मात्र ठेवला, म्हणजे हलता येऊ नये.

“एक अट हाय. रोज दुपारी मी विशूला घेऊन इथं येऊन बसणार.”

“करमेल ना इथं?” ऋतुराजनं विचारलं. “तिला मराठी कळत नाही, तुला थाई.”

“कळत नाय तर नाय. भांडायला बरी हाय.” आत्याबाईंनी यायकडं बघितलं. याय भिंतीला टेकून पळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याकडंच बघत होत्या. “तिची चाल सुधरायची हाय मला. आन सुकटीची पिशवी आणून देते उद्या, तो ठेचा आपल्या सुकटीचा कर म्हणावं एकदा. तिची जरा बारीक हाय.”

नोईनं हे सगळं सांगितलं. यायनं ऐकलं आणि दोनच शब्द उत्तर दिलं.

“काय म्हणती?”

“म्हणती, हळू म्हणा.”

“बघू,” आत्याबाई म्हणाल्या.

मी विशूला उचलायला वाकले. त्याच्यापुढचं ताट अजून अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. आत्याबाईंनी ते दोन बोटांनी सरळ माझ्यापुढं सरकवलं.

“हे संपव.”

“आत्याबाई, माझं पोट...”

“माझ्या नातवानं मागून घेतलेलं हाय. अन्न टाकायचं नसतं.”

मी ताटाकडं बघितलं. दोन घास ठेवावेत, की एकच? मान वर केली. डावीकडं आत्याबाई बसल्या होत्या, शीत न् शीत मोजायला. उजवीकडं याय उठून उभ्या राहिल्या होत्या. पळी हातात.